स्वयंपाकघरातलं नगरपालिकेचं बटण

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. वहिनीचा खांदा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती स्वतः करते, की नेहमीसारखा तुलाच करायला लावून समोर बसून बघते? तुझा गुडघा वळायला लागला असेल आणि माझ्यावरचा राग गुडघ्याच्या सुजेआधी उतरला असेल, अशा आशेने लिहायला बसले आहे. चिमीला माझे खूप खूप आशीर्वाद. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोटो बघितला. मुलगा छान आहे, फोटोत डोळे मिटलेत तेवढं सोडलं तर. (यांचं म्हणणं, डोळे मिटून लग्नाला उभा राहणारा जावई पुढे फारसा त्रास देत नाही.)

तुझं पत्र मिळालं. लग्न ठरल्याच्या जेवणाला आम्ही दोघंही आलो नाही म्हणून तू जे जे लिहिलंस ते सगळं मी वाचलं आणि यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. बहिणीला भावापेक्षा भिंतीवरचं बटण मोठं झालं, हे वाक्य तर दोनदा वाचलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दादांचं अक्षर वयाबरोबर सुधारत चाललंय, एवढाच अभिप्राय दिला. चित्रकलेच्या मास्तरांशी संसार केला की हे असं होतं. घराला आग लागली तरी हे आधी ज्वाळांचा रंग बघतील. पण दादा, शेवटी तू लिहिलंस की चिमीच्या लग्नात त्या संध्याकाळी आम्ही जोडीने हॉलमध्ये दिसलो नाही, तर तुझ्या घराचा उंबरा मी विसरायचा, ते वाचून मात्र मी कागद-पेन शोधायला उठले. मला तू एकच भाऊ आहेस. शिवाय योग असा बघ, की चिमीचे होणारे सासरे नेमके आमच्याच नगरपालिकेत दिवाबत्ती खात्याचे मोठे साहेब निघाले. तू त्यांच्या कानावर घातलंस, आणि लग्नाच्या आत आमच्या घरातून ते बटण काढून चौकातल्या खांबावर लावून देतो, असा शब्द त्यांनी तुला दिला. तुझे उपकार कसे फेडू? तेव्हा आता राग सोड आणि काय काय घडलं ते माझ्या तोंडून ऐक, कारण तुला ते तुकड्यातुकड्यांनी कळलंय. (त्यात तुझा दोष नाही. आमच्या नगरपालिकेत घडतंही तुकड्यातुकड्यांनीच.)

आमच्या गल्लीत दिवे नव्हते हे तुला माहीत आहे. मागे तू आलास तेव्हा समोरच्या शिंप्याच्या पायरीला ठेचकाळून तू त्याच्याच मशीनवर जाऊन बसला होतास. तर दिवे मिळावेत म्हणून सगळ्या गल्लीने सह्या केल्या, हेलपाटे घातले, आणि एक दिवस मंजुरी खरंच आली. आपल्यासारख्या साध्या माणसाला वाटतं, रस्त्यावरचा दिवा म्हणजे एक वस्तू. नगरपालिकेच्या दृष्टीने तो चार वस्तू आहे. खांब एक, तार एक, दिवा एक आणि बटण एक. आणि चार वस्तू म्हटल्यावर चार निविदा आणि एकमेकांचं तोंड न बघितलेले चार ठेकेदार. त्यातला सगळ्यात आधी आला तो दिवेवाला. खांब नव्हतेच, तेव्हा त्याने गल्लीतल्या घराघरांत एकेक दिवा ठेवायला दिला आणि काम पूर्ण झालं म्हणून निघून गेला. आमच्या वाटणीचा दिवा कित्येक महिने पिंपावर बसून होता. (मी त्याला रोज पुसत होते. घरात दोनच माणसं उरली की असल्या गोष्टींचाही लळा लागतो.) मग खांबवाला आला. त्याने एक खांब थेट शिंप्याच्या दारासमोर रोवला, त्यामुळे शिंप्याला अजूनही दुकानातून अंग चोरून बाहेर यावं लागतं. मग तारवाला आला. राहिलं बटण. बटणाची पेटी लोखंडाची असते आणि तिला दार असतं, म्हणून ती दिवाबत्ती खात्याने घ्यायची की कपाटं घेणाऱ्या खात्याने, यावर दोन खात्यांचं जुंपलं. ते भांडण अजून चालू आहे असं ऐकते.

पंचाईत झाली ती तारवाल्याची. तारेचं टोक सुरक्षित, कोरड्या आणि छपराखालच्या जागी संपलं पाहिजे, तरच त्याचं काम पुरं झालं असा शेरा मिळणार होता. आमचं घर पडलं कोपऱ्यावर, आणि स्वयंपाकघर रस्त्याला लागून. मी कणीक मळत होते, तेवढ्यात खिडकीतून तार धरलेला एक हात आत आला आणि हातामागून आवाज आला, "ताई, दोन दिवसांचाच प्रश्न आहे." मी कणकेचे हात नाचवत नाही म्हणणार, तोवर तुझे मेहुणे बाहेरच्या खोलीतून आले, एक डोळा मिटून भिंतीचा अंदाज घेतला आणि डब्यांच्या फळीखालची जागा दाखवून म्हणाले, इथे प्रमाणात दिसेल. झालं. गल्लीच्या सगळ्या दिव्यांचं बटण माझ्या साखरेच्या डब्याखाली लागलं. तेही उलटं. वर केलं की दिवे बंद, खाली केलं की चालू. ते सुलट करायचा ठेका अजून निघायचा आहे, आणि दोन दिवसांना वर्ष उलटून गेलं.

आणि दादा, मला एक नवीनच गोष्ट कळली. नगरपालिकेचं काम अर्धवट राहिलं तरी त्याची देखभाल अर्धवट राहत नाही. पेटी नसली म्हणून काय झालं, कागदावर माझं स्वयंपाकघर दिवाबत्ती केंद्र झालं होतं. मग वार्षिक रंगकामाचा ठेकेदार आला. नगरपालिकेच्या मालमत्तेचा रंग पिवळा, म्हणून त्याने माझ्या फिकट निळ्या भिंतीवर बटणाभोवती पिवळाधमक चौकोन रंगवला आणि त्यात काळ्या अक्षरांत 'नगरपालिकेची मालमत्ता, हात लावू नये' असं लिहिलं. (हात लावल्याशिवाय दिवे कसे लावायचे ते लिहिलं नाही.) यांना तो पिवळा इतका खुपला की कितीतरी दिवस हे भिंतीकडे पाठ करून जेवत होते. मग डासांच्या धुराचा ठेकेदार येऊन ओट्याखाली धूर करून गेला. झुरळं गेली ती आजतागायत फिरकली नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. मग आग विझवायची लाल बादली वाळू भरून गॅसशेजारी टांगली गेली. त्या वाळूत मी आलं पुरून ठेवते, मस्त टिकतं. मग आला तपासनीस. त्याने फळीवरचे डबे, खिडकी आणि मी यांची बारकाईने पाहणी केली आणि शेरा मारला की केंद्र स्वच्छ व हवेशीर आहे, मात्र कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत भाजी चिरू नये. एवढं करून उत्कृष्ट केंद्राच्या स्पर्धेत आमचा नंबर दुसरा. पहिला नंबर गेला पाण्याच्या टाकीजवळच्या केंद्राला. तिथे तारच पोचलेली नाही, त्यामुळे तिथली एकही तक्रार नाही.

यांचं काय विचारतोस! नगरपालिकेने दिवे लावायच्या वेळा छापून दिल्या होत्या, पण चित्रकलेच्या माणसाने घड्याळाकडे बघून संध्याकाळ झाली म्हणायचं का, असं यांचं म्हणणं पडलं. शिंप्याच्या पाटीवर एक निळी कैची आणि एक हिरवा सदरा रंगवलेला आहे. हे रोज दुपारीच दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि ऊन उतरलं की दारात उभे राहून त्या पाटीकडे एकटक बघत बसतात. निळा आणि हिरवा हा फरक दिसेनासा झाला की ती खरी संध्याकाळ. मग आतल्या दिशेने हात वर करतात, आणि मी हातातलं काम टाकून बटण खाली ओढते. (ढगाळ हवा असली की अर्धी गल्ली गोळा होते आणि निळा दिसतो की नाही यावर वाद घालते. एकदा डाळ करपली.) असं आमचं रोजचं चाललंय. मी कंटाळले आहे.

आणि त्यात माणसं! नगरपालिकेत साहेबाची भेट मिळायला किती चपला झिजतात ते तुला ठाऊक आहेच. माझ्याकडे यायला चप्पलही लागत नाही. पहिली आली ती पलीकडची नर्सबाई, तिच्या दारापुढचा दिवा फडफडतो म्हणून. मी म्हटलं, अगं बाई, मी काय नगरपालिका आहे का? तिने नुसतं बोट करून भिंतीवरचा पिवळा चौकोन दाखवला. मी चहाचं आधण ठेवलं. तेव्हापासून तुंबलेलं गटार, न आलेलं पाणी, भुंकणारी कुत्री, न बोलणारी सून, सगळं माझ्या ओट्यापाशी येतं. मी रागावते, जा म्हणते, हातात झारा घेते. ती चहा होईपर्यंत हलत नाहीत. कोणती तक्रार कुठल्या खिडकीवर न्यायची, कुठला साहेब जेवणाआधी बरा आणि कुठला जेवणानंतर, हे मला नाइलाजाने पाठ झालंय. कचऱ्याची गाडी हल्ली वेळेवर येते, त्यात माझा काही हात नाही. गाडीचा ड्रायव्हर आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. त्याला मी प्रेमाने एवढंच म्हटलं, की ज्या दिवशी सकाळी गाडी येणार नाही, त्या दिवशी संध्याकाळी मला बटण वर असतं की खाली ते आठवेलच असं नाही. परवा आमचे नगरसेवक स्वतः आले. चहा प्याले, चौकोनाला हात जोडले, आणि जाता जाता हळूच मलाच विचारलं की उद्या पाणी किती वाजता सोडणार आहेत. नुसता वैताग आहे बघ. बोलून बोलून घसा बसलाय, आणि सारखा चहा होतो त्यामुळे वजनही वाढलंय.

आता त्या जेवणाच्या दिवसाचं. आम्ही निघालोच नव्हतो असं तू म्हणतोस, ते साफ खोटं. आम्ही निघालो होतो. बटण शिंप्याकडे सोपवलं होतं. खाली म्हणजे चालू, हे त्याला यांनी शिकवलं, आणि त्याने भर दुपारी बटण खाली-वर करून तालीमही केली. (गल्लीतली माणसं खिडक्यांतून डोकावून गेली.) आम्ही बसमध्ये जाऊन बसलो, खिडकीची जागा मिळाली, कंडक्टरने दार ओढून घेतलं. आणि तेवढ्यात माझं लक्ष यांच्या शर्टाकडे गेलं. शर्ट निळा, आणि काजांना दोरा हिरवा. शिंप्यानेच शिवलेला. हेही शर्टाकडे बघायला लागले. ज्या माणसाला दिवसाढवळ्या निळा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, त्याला आम्ही निळा-हिरवा एक होईपर्यंत थांब म्हणून सांगून आलो होतो! आधी कोण उठलं यावर आमच्यात अजून वाद आहे. हे म्हणतात मी उठले, मी म्हणते हे. बस थांबवून आम्ही उतरलो, कंडक्टर जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. धापा टाकत घरी आलो तर ऊन लख्ख, आणि गल्लीतले सगळे दिवे लागलेले. शिंप्याच्या डोळ्यांना संध्याकाळ दुपारीच झाली होती. तो ओट्याशी बसून नर्सबाईला गटाराबद्दल सल्ला देत होता, आणि तोही चुकीचा. गल्ली काही अंधारात राहणार नव्हती, काळजीचं कारण नव्हतं हे मला तेव्हा कळलं, पण पुढची बस दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दादा, त्या संध्याकाळी तुम्ही सगळे जेवत असाल म्हणून मी दारात उभी राहून रडले. तुझ्या शपथेवर सांगते, खरंच रडले. माझ्या भावाकडचं पहिलं कार्य, आणि मी तिथे नव्हते.

म्हणून तुझ्या व्याह्यांनी दिलेला शब्द म्हणजे मला देव पावल्यासारखं झालं आहे. बटण गेलं की आम्ही मोकळे. चिमीच्या लग्नाला आदल्या दिवसापासून येऊन बसते, वहिनीच्या हाताखाली सगळं करते, आणि हे दारात पाहुण्यांचं स्वागत करतील. वहिनीला नमस्कार. चिमीला म्हणावं, आत्या येणार म्हणजे येणार.

तुझी,
धाकटी

ता. क. लग्न संध्याकाळचंच आहे का? पत्रिका छापल्या नसतील तर सकाळचं धरता येईल का ते बघ. सकाळी उजेड चांगला असतो, जावयाचे डोळेही उघडे येतील, आणि जेवून निघालं की परगावच्या पाहुण्यांना दिवस मावळायच्या आत आपापल्या घरी पोचता येतं. मी आपलं पाहुण्यांचं म्हणून म्हणते.

आणखी ता. क. हे तुला एकट्याला, वहिनीलाही दाखवू नकोस. काल तुझ्या व्याह्यांचा माणूस आला होता. खांद्यावर शिडी, हातात नवी कोरी पेटी. हे न्हाव्याकडे गेले होते. मी दार उघडलं आणि दारात उभं राहून त्याला सांगितलं, की मालकीणबाई घरी नाहीत. तो गेला बिचारा. दादा, तुला मी कधी बोलले नाही, पण निवृत्त होऊन शाळा सुटल्यावर यांचं काही खरं नव्हतं. सकाळी खुर्चीत बसायचे ते दिवेलागणीपर्यंत तिथेच. दाढी नाही, रंगांची पेटी उघडणं नाही, विचारलं तर ठीक आहे म्हणायचे. मला धास्ती वाटायची रे. आता रोज इस्त्रीचा शर्ट मागतात. संध्याकाळ यांच्या परवानगीशिवाय होत नाही, त्या थाटात दारात उभे असतात. हे बटण गेलं की हे परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. तेव्हा तुझ्या पाया पडते, व्याह्यांना सांगून ती पेटी कुठेतरी अडकवून ठेव. एखादी सही राहिली म्हणावं, जागा चुकली म्हणावं, कपाटवाल्या खात्याचं मत घ्या म्हणावं. काम होऊ नये म्हणून ओळख लावणारी मी त्यांना पहिलीच भेटेन, पण तसं काम त्यांच्या हातचा मळ असेल. पत्र यांच्याच हाती पोस्टात पाठवते आहे. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही ही यांची जन्माची शिस्त, म्हणून काळजी नाही.

(मागच्या कोऱ्या बाजूवर, वेगळ्या अक्षरात)

ती. दादांस सा. नमस्कार.

पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून पोस्टाच्या बाकावर बसून चार ओळी जोडतो. आतला मजकूर मी वाचलेला नाही. जेवणाला आलो नाही त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. काल न्हाव्याकडून येताना आपल्या व्याह्यांचा शिडीवाला वाटेत भेटला. मालकीणबाई घरी नाहीत, मालक कुठे सापडतील, असं मलाच विचारत होता. मी म्हटलं, मालक परगावी गेलेत, लवकर येतील असं वाटत नाही.

कारण सांगतो, पण हिला कळू देऊ नका. मला स्वतःला त्या बटणाचा वीट आला आहे. वर्षभरात एका संध्याकाळी फिरायला गेलो नाही, चित्र म्हणून एक काढलं नाही, आणि निळा-हिरवा बघून बघून डोळे दुखतात. घड्याळ लावून काम भागलं असतं. पण मी दारात उभा राहून पाटीकडे बघायला लागलो की ही आतून हसते, ते मला ऐकू येतं. मुलगा नोकरीसाठी लांब गेल्यापासून हिचं हसणं थांबलं होतं. स्वयंपाकघरात रेडिओ मोठ्याने लावून एकटीच बसायची, आणि मी बाहेर खुर्चीत बसून काय करावं या विचारात असायचो. मला काही सुचायचं नाही. आता सगळी गल्ली तिच्या ओट्यापाशी असते आणि ती सगळ्यांवर ओरडते. तेव्हा व्याह्यांना सांगून ती पेटी शक्य तितकी लांबवावी, ही विनंती.

लग्नाला आम्ही जोडीने येऊ, शब्द देतो. फक्त कार्य सकाळचं ठेवता आलं तर पाहावं. संध्याकाळी ती दुसरीकडे कुठे रमत नाही.